बदलाच्या काळात कर्मचाऱ्यांची नाडी कशी बघावी : छोटा सर्व्हे, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या फेरीपर्यंत

नवं सॉफ्टवेअर येतं, दोन विभाग एकत्र होतात, शिफ्टच्या वेळा बदलतात, ऑफिस दुसऱ्या इमारतीत हलतं. आढावा बैठकीत 'सगळं ठरल्याप्रमाणे सुरू आहे' असं सांगितलं जातं, आणि त्याच वेळी खाली लोक दिवसभर जुन्या वहीत नोंदी करून संध्याकाळी त्या नव्या सिस्टिममध्ये चढवत असतात. हे अंतर वेळेत कळावं म्हणून छोटे सर्व्हे घ्यायचे. वार्षिक सर्व्हे या कामाला उपयोगी पडत नाही. त्यात प्रश्न खूप असतात, आणि निकाल हाती येईपर्यंत बदलाचा अवघड काळ उलटून गेलेला असतो.

छोट्या सर्व्हेला पल्स सर्व्हे म्हणतात आणि ते नाव अगदी नेमकं आहे. नाडी बघून पूर्ण निदान होत नाही, पण ताप चढतोय की उतरतोय ते कळतं. ५ ते ७ प्रश्न, भरायला २-३ मिनिटं, आणि ठरावीक अंतराने पुन्हा तेच प्रश्न, एवढंच त्याचं स्वरूप. हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्या माणसासाठी हा लेख आहे, मग तो एचआरमधला असो, प्रोजेक्टवरचा असो किंवा विभागप्रमुख असो. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू : १२० जणांचं एक गोदाम, ३ शिफ्ट, आणि कागदी नोंदींच्या जागी येणारे हातातले स्कॅनर.

प्रश्न लिहिण्याआधीचा कागद

नवखा माणूस थेट फॉर्म उघडून प्रश्न टाइप करायला लागतो. तिथेच सर्व्हे बिघडतो. आधी एका कागदावर चार रकाने आखा : काय कळायला हवं, ते कळल्यावर काय बदलता येईल, कोण बदलेल, आणि किती दिवसांत. दुसरा किंवा तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो प्रश्न सर्व्हेत घ्यायचा नाही, मग तो कितीही चांगला वाटो आणि कितीही मोठ्या साहेबांनी सुचवलेला असो.

'स्कॅनर आणण्याचा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का?' हा प्रश्न घ्या. स्कॅनर विकत घेऊन झालेत. ८० टक्के लोक 'नाही' म्हणाले तरी ते परत जाणार नाहीत. मग विचारून काय साधलं? लोकांना वाटलं की आपलं मत मोजलं जाणार, आणि महिन्याभरात कळलं की ते मोजलं जाणारच नव्हतं. 'काम अडलं तर त्याच शिफ्टमध्ये मदत मिळते का?' या प्रश्नाचं तसं नाही. रात्रपाळीत उत्तर वाईट आलं तर रात्री मदतीला माणूस बसवता येतो, तो कोणी बसवायचा हेही ठरलेलं असतं, आणि आठवड्यात फरक दिसतो.

बदलाबरोबर नोकरकपात होणार असेल आणि व्यवस्थापनाने ती अजून जाहीर केली नसेल, तर 'नोकरीबद्दल निश्चिंत वाटतं का?' असं विचारू नका. उत्तर तुमच्याकडे आहे आणि प्रश्न तुम्ही त्यांना विचारताय. आधी बातमी सांगा, सर्व्हे मग.

टीम १५ जणांहून लहान असेल तर सर्व्हे करूच नका. आठ माणसांत कोणी काय लिहिलं हे लपत नाही आणि टक्केवारीला काही अर्थ उरत नाही. अर्धा तास सगळ्यांबरोबर बसा, नाहीतर एकेकाशी दहा मिनिटं बोला.

निनावी आणि गोपनीय यांत फरक आहे

निनावी म्हणजे उत्तर कोणाचं आहे हे कोणालाच शोधता येत नाही, तुम्हालाही नाही. गोपनीय म्हणजे सिस्टिमला ते ठाऊक असतं, पण ठरलेल्या एक-दोन माणसांपलीकडे ते जात नाही. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ते एवढंच, की सर्व्हे गोपनीय असताना त्याला निनावी म्हणायचं. प्रत्येकाला वेगळी लिंक पाठवली आणि ज्यांनी भरलं नाही फक्त त्यांनाच आठवण गेली, की लोकांच्या लगेच लक्षात येतं : म्हणजे कोणी भरलं हे यांना दिसतंय. त्यानंतर तुमच्या कुठल्याच आश्वासनावर विश्वास बसत नाही.

साधने वापरताना बारीक गोष्टी नडतात. गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद ठेवा. 'एका माणसाला एकच उत्तर' ही मर्यादा लावली तर लॉगिन करावं लागतं. फॉर्मवर स्वतःचा ईमेल दिसला की तो नोंदवला जात नसला तरी माणूस बिचकतो. निनावी सर्व्हेत ही मर्यादा काढून टाका. एखादा दोनदा भरेल, पण त्याने होणारं नुकसान शंभर जण बिचकण्यापेक्षा कमी असतं. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये संस्थेच्या आतल्या लोकांसाठी नाव नोंदवण्याचा पर्याय असतो, तो चालू तर नाही ना हे बघून घ्या. आणखी एक जागा सहसा कोणी तपासत नाही : उत्तरांच्या शीटमधली तारीख-वेळ. रात्री २ वाजून १० मिनिटांनी आलेलं उत्तर कोणाचं, हे रात्रपाळीच्या सुपरवायझरला सहज कळतं. शीट कोणालाही देण्याआधी तो रकाना काढून टाका आणि ओळींचा क्रम बदला.

ओळख फुटते ती बहुतेक वेळा नावावरून नाही, तर वर्गवारीवरून. शिफ्ट ३, विभाग ४ आणि नोकरीच्या वर्षांचे गट ४, एवढंच विचारलं तरी ३ × ४ × ४ म्हणजे ४८ खाने होतात. माणसं १२०. एका खान्यात सरासरी अडीच माणसं. 'दुसरी शिफ्ट, पॅकिंग, दहा वर्षांहून जास्त नोकरी' म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. म्हणून एवढ्या आकाराच्या ठिकाणी एकच वर्गवारी विचारा, जिच्यावरून तुम्ही खरोखर काही करणार आहात ती. आपल्या गोदामात ती शिफ्ट आहे.

शिवाय एक किमान आकडा ठरवा : ५ पेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचे निकाल कोणालाही दाखवायचे नाहीत. विषय नाजूक असेल तर हा आकडा १० ठेवा. आणि वजाबाकी विसरू नका. रात्रपाळीत १२ जणांनी उत्तरं दिली, त्यांतल्या ९ पुरुषांचे आकडे वेगळे दाखवले, स्त्रियांचे 'संख्या कमी म्हणून' झाकले. पण एकूण आकडा आणि पुरुषांचा आकडा दोन्ही समोर असतील तर उरलेल्या ३ स्त्रियांचं उत्तर कोणीही वजा करून काढेल. अशा वेळी दोन्ही गट झाकायचे आणि फक्त एकूण आकडा द्यायचा.

प्रश्न

काय विचारायचं हे सुचत नसेल तर जेफ हायट यांनी मांडलेली आणि बदल-व्यवस्थापनात काम करणाऱ्या प्रोसाय या संस्थेमुळे सर्वत्र पोचलेली 'अडकर' (ADKAR, पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) ही रचना सांगाडा म्हणून चांगली आहे. बदलातून जाणाऱ्या माणसाच्या पाच पायऱ्या त्यात आहेत : बदल का होतोय याची जाणीव, त्यात सहभागी होण्याची इच्छा, तो कसा करायचा याचं ज्ञान, प्रत्यक्षात तो करण्याची क्षमता, आणि नवी पद्धत टिकून राहावी म्हणून मिळणारं पाठबळ. या रचनेचा खरा फायदा असा की माणूस नेमका कुठे अडलाय ते दिसतं. ज्ञान आणि क्षमता यांची गल्लत नेहमी होते. स्कॅनरची बटणं माहीत असतात, पण हातमोजे घालून, मागे ट्रक उभा असताना ती दाबता येत नाहीत. अशा वेळी ट्रेनिंगचा आणखी एक वर्ग भरवला तर एक दिवस वाया जातो. तिथे सराव हवा असतो, किंवा वेगळे हातमोजे.

गोदामासाठी सात प्रश्न असे होतील. पहिले तीन 'गेल्या ७ दिवसांत' या शब्दांनी सुरू होतात आणि त्यांना उत्तरं आहेत कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी :

१. गेल्या ७ दिवसांत काम अडलं तेव्हा त्याच शिफ्टमध्ये मदत मिळाली.
२. गेल्या ७ दिवसांत ठरलेलं काम शिफ्टच्या वेळेत पूर्ण झालं.
३. गेल्या ७ दिवसांत कामातली अडचण सुपरवायझरला मोकळेपणाने सांगता आली.

पुढच्या तीन प्रश्नांना अजिबात मान्य नाही, मान्य नाही, मधलं मत, मान्य, पूर्ण मान्य :

४. हा बदल का होतोय, हे मी सहकाऱ्याला समजावून सांगू शकतो किंवा शकते.
५. पुढच्या दोन आठवड्यांत माझ्या कामात काय बदलणार आहे, हे मला माहीत आहे.
६. मिळालेलं ट्रेनिंग माझ्या रोजच्या कामाला पुरेसं आहे.

आणि शेवटी एक मोकळा प्रश्न :

७. तुमचं काम सोपं व्हावं म्हणून पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट बदलायला हवी?

पहिले तीन प्रश्न मुद्दाम असे लिहिलेत की स्कॅनर येण्याआधीही ते विचारता येतात. तसं नसेल तर 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना होणारच नाही. हे तीन प्रश्न प्रत्येक फेरीत जसेच्या तसे ठेवायचे, एकही शब्द न बदलता. 'मदत मिळाली' ऐवजी पुढच्या वेळी 'वेळेवर मदत मिळाली' केलंत तर आकडा शब्दामुळे घसरला की मदतीमुळे, हे सांगता येणार नाही. चार ते सहा हे प्रश्न मात्र टप्प्याप्रमाणे बदलायचे. चौथ्या महिन्यात 'बदल का होतोय' हे विचारण्यात अर्थ नसतो.

'अजिबात मान्य नाही' ते 'पूर्ण मान्य' अशी पाच पर्यायांची मोजपट्टी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली, आणि पुढे ती जगभर रुळली. तिच्यात एक खोट आहे. कशालाही 'मान्य' म्हणून मोकळं होण्याकडे माणसाचा कल असतो, आणि वरिष्ठ वाचतील असं वाटलं की तो आणखी वाढतो. म्हणूनच जिथे जमेल तिथे मत न विचारता 'किती वेळा' ते विचारायचं. प्रत्येक पायरीला शब्द द्या. नुसते १ ते ५ आकडे दिले की १ म्हणजे 'पहिला नंबर' समजून भरणारेही निघतात. 'मला लागू नाही' हा पर्याय पट्टीच्या बाहेर वेगळा ठेवा. तो नसेल तर ज्यांचं काम अडलंच नाही ते मधल्या पर्यायावर टिक करतात आणि मधला आकडा उगाच फुगतो.

प्रश्न बिघडतात ते काही ठरावीक कारणांनी. 'ट्रेनिंग आणि मदत पुरेशी आहे' यात दोन प्रश्न आहेत. ट्रेनिंग बरं आणि मदत शून्य असेल तर माणसाने काय भरायचं? 'नव्या सोप्या पद्धतीमुळे तुमचा किती वेळ वाचला?' यात उत्तर आधीच भरून दिलंय. मराठीत विशेष जपायची गोष्ट म्हणजे नकार. 'मला स्कॅनर वापरताना अडचण येत नाही' या वाक्याला 'मान्य नाही' म्हणायचं म्हणजे दोन नकारांची कसरत, आणि घाईत ती उलटी पडते. वाक्य होकारातच लिहा. 'सहमत-असहमत' पेक्षा 'मान्य-मान्य नाही' लवकर कळतं. लोक ज्या भाषेत काम करतात त्या प्रत्येक भाषेत सर्व्हे हवा, आणि झालेलं भाषांतर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मूळ भाषेत करून घ्या. अर्थ कुठे घसरला ते तिथे दिसतं.

मोकळा प्रश्न गाळण्याचा मोह होतो, कारण तो वाचायला वेळ लागतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २० हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते, पण कामगार पुन्हा पुन्हा स्वतःच्या मनातल्या विषयाकडे वळत. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्न बाजूला ठेवले आणि बोलू दिलं. तुमच्या सहा प्रश्नांच्या यादीत न सुचलेली गोष्ट सातव्यात येते, बहुतेक वेळा तीच महत्त्वाची असते.

प्रश्न लिहून झाले की प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या ५-६ जणांना एकेक करून भरायला द्या आणि मोठ्याने विचार करायला सांगा. 'मदत म्हणजे कोणाची, सुपरवायझरची की आयटीची?' असं एकाने जरी विचारलं तरी तो प्रश्न दुरुस्त करायचा. घड्याळही लावा. ३ मिनिटांच्या पुढे गेलं तर एक प्रश्न काढा.

किती वेळा, केव्हा

पहिली फेरी बदल जाहीर झाल्यावर, पण ट्रेनिंग सुरू होण्याआधी, म्हणजे प्रत्यक्ष सुरुवातीच्या साधारण दोन आठवडे आधी. ही झाली नाही तर पुढचे सगळे आकडे लोंबकळत राहतात. दुसरी फेरी सुरुवातीनंतर ७ ते १० दिवसांनी. पहिल्या तीन दिवसांत घेऊ नका. तेव्हा बंद पडलेल्या मशीनचा राग सगळ्याच उत्तरांत उतरतो, आणि त्या दिवसांची खरी माहिती मदत कक्षाच्या तक्रारींत जास्त चांगली मिळते. मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास एकेक. दुसऱ्या फेरीत आकडे पडतातच, कारण हात अजून जुन्या पद्धतीलाच सरावलेले असतात. वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिली घसरण बघून कोणी घाबरून सगळं उलटं फिरवणार नाही. काळजी करायची ती चौथ्या आठवड्यातही आकडा वर सरकला नाही तर.

दर आठवड्याला विचारावं का? तुम्हाला आठवड्यात निकाल काढून, काहीतरी बदलून, ते लोकांना सांगता येत असेल तर जरूर. सहसा येत नाही. दोन फेऱ्यांमधलं अंतर हे पहिल्या फेरीवर काम करायला लागणाऱ्या वेळापेक्षा मोठं असायला हवं. लोक सर्व्हेला कंटाळतात असं म्हणतात. खरं तर ते कंटाळतात भरूनही काहीच न हलण्याला.

माणसं हजारांच्या वर असतील तर त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट करा आणि प्रत्येक फेरीत एकालाच विचारा. १२० जणांत मात्र दर वेळी सगळ्यांना विचारायचं. महिनाअखेरची मालमोजणी, पगारवाढीची पत्रं, सलग सुट्ट्या, असे आठवडे टाळा. टाळता आले नाहीत तर एका वहीत तारखेसह नोंद ठेवा : 'या आठवड्यात दोन दिवस नेटवर्क बंद.' सहा महिन्यांनी आलेख बघताना ही वहीच कामाला येते.

निरोप आणि भरून घेणं

लिंक पाठवण्याआधी दोन दिवस शिफ्टच्या सुरुवातीला तोंडी सांगा, आणि हेच लेखीही द्या. निरोप साधारण असा :

'सोमवार ते शुक्रवार ७ प्रश्नांचा सर्व्हे आहे. ३ मिनिटं लागतील, कामाच्या वेळेतच भरायचा आहे. नाव, फोन किंवा कर्मचारी क्रमांक विचारलेला नाही, फक्त शिफ्ट विचारली आहे. ५ पेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचे आकडे कोणालाही दाखवणार नाही. लिहिलेली उत्तरं दोनच माणसं वाचतील, त्यांची नावं खाली आहेत. निकाल पुढच्या शुक्रवारपर्यंत शिफ्ट सुरू होताना सांगू. मूळ उत्तरं शेवटच्या फेरीनंतर ९० दिवसांनी पुसून टाकू.'

यातलं प्रत्येक वाक्य पाळता येणार असेल तरच लिहा.

सर्व्हे ५ कामाचे दिवस उघडा ठेवा, म्हणजे आठवड्याची सुट्टी वेगळ्या वारी असलेल्यांनाही संधी मिळते. तिसऱ्या दिवशी एक आठवण, शेवटच्या दिवशी सकाळी दुसरी. तिसरी नको. ज्यांना कंपनीचा ईमेल नाही त्यांच्यासाठी क्यूआर कोड भिंतीवर लावा, पण स्वतःच्या फोनवरचा डेटा खर्च करायला आणि कंपनीचा कोड स्कॅन करायला काही जण तयार नसतात. म्हणून विश्रांतीच्या खोलीत एक टॅब्लेट आणि बंद पेटीत टाकायचे कागदही असू देत. टॅब्लेट कॅमेऱ्याखाली किंवा सुपरवायझरच्या टेबलासमोर ठेवू नका. कागदावरचं हस्ताक्षर ओळखू येतं, तेव्हा ते कागद टाइप करणारा माणूस त्या विभागातला नसावा.

सुपरवायझरने दोनच कामं करायची : वेळ द्यायचा आणि तिथून लांब राहायचं. सर्व्हेचे आकडे त्याच्या बढतीशी किंवा बोनसशी जोडले की तो 'जरा चांगलं भरा' असं सांगू लागतो आणि त्या दिवसापासून तुमच्या हातात खरी माहिती राहत नाही. बक्षीस, चहापानाचं आमिष, 'शंभर टक्के भरणारा विभाग' अशी पाटी, हे सगळं याच वाटेने जातं.

आकडे वाचताना

सरासरी काढू नका. ६० जणांपैकी ३० जणांनी ५ दिले आणि ३० जणांनी १, तर सरासरी ३ येते. साठही जणांनी ३ दिले तरी सरासरी ३च. पहिल्या गोदामात दोन तट पडलेत, दुसऱ्यात सगळे कुंपणावर आहेत. उपाय पूर्ण वेगळे. त्याऐवजी वरच्या दोन पर्यायांची टक्केवारी, मधल्याची आणि खालच्या दोनांची, अशी तीन भागांत मांडा. 'लागू नाही' म्हणणारे भागाकारातून वगळा, पण त्यांची संख्या शेजारी लिहा.

मग गप्प राहिलेल्यांचा हिशेब. १२० पैकी ८४ जणांनी उत्तर दिलं, म्हणजे ७० टक्के. त्यांतले ६३ जण म्हणाले मदत मिळते : ७५ टक्के. आता उरलेल्या ३६ जणांपैकी एकालाही मदत मिळत नसेल असं धरा, तर १२० पैकी ६३, म्हणजे ५२.५ टक्के. सगळ्यांना मिळत असेल तर ९९, म्हणजे ८२.५ टक्के. कसंही धरलं तरी निम्म्याहून जास्त जणांना मदत मिळतेय, हे पक्कं. पण ४८च जणांनी भरलं असतं आणि त्यांतले ३६ 'हो' म्हणाले असते, तरी कागदावर ७५ टक्केच दिसले असते. तेव्हा खरा आकडा ३० ते ९० टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. ७५ ही संख्या दोन्हीकडे सारखीच आहे, वजन सारखं नाही. अहवालात उत्तरांची संख्या प्रत्येक टक्क्याच्या शेजारी छापा.

कोण गप्प आहे हे त्याहून बोलकं असतं. दोन शिफ्टमधून ८० टक्के उत्तरं आणि रात्रपाळीतून ३५, तर आधी टॅब्लेट रात्री चार्ज होता का ते बघा. होता असेल, तर तिथे जाऊन बसा. तीन फेऱ्या भरणारा गट अचानक भरेनासा झाला, तर ती तक्रारच आहे असं समजा.

छोट्या गटातल्या चढउतारावर धावू नका. १२ जणांत एका माणसाचं मत बदललं की आकडा ८ टक्क्यांनी हलतो. सलग दोन फेऱ्या एकाच दिशेने गेल्या, किंवा मोकळ्या उत्तरांत तीच गोष्ट येत असेल, तर मात्र लक्ष घाला. सर्व्हेचा आकडा इतर नोंदींशी ताडून बघा : ओव्हरटाइमचे तास, मदत कक्षाच्या तक्रारी, चुकलेल्या नोंदी, रजा. 'काम वेळेत होतं' म्हणणारे ८५ टक्के आणि ओव्हरटाइम दुप्पट, असं दिसलं तर लोक खोटं बोलत नसतात. बहुधा त्यांनी 'शिफ्टच्या वेळेत' याचा अर्थ ओव्हरटाइम धरून लावलेला असतो.

मोकळी उत्तरं

पन्नास-साठ उत्तरं असतील तर कुठल्याही सॉफ्टवेअरची गरज नाही. सगळी एकदा सलग वाचा, काही न लिहिता. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येकाला एक-दोन विषय द्या : बॅटरी, मदत, ट्रेनिंग, कामाचा बोजा, वागणूक. दुसऱ्या माणसाने हेच स्वतंत्रपणे करावं, आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथे बोलून ठरवावं. ८ ते १० विषयांपेक्षा जास्त झाले तर ते जोडून घ्या. मग मोजा. पण मोजणीच्या पलीकडेही बघा : एकाच माणसाने लिहिलेलं 'स्कॅनरकडे बघत चालताना फोर्कलिफ्ट दिसत नाही' हे वाक्य पंधरा जणांच्या बॅटरीच्या तक्रारीआधी हातात घ्यायचं असतं.

उत्तरं जशीच्या तशी अहवालात टाकू नका. माणसाची बोली, ठरलेले शब्द, एखादा प्रसंग, यांवरून तो ओळखू येतो. आशय ठेवून वाक्य नव्याने लिहा. कोणाचं नाव आलं असेल तर काढा. छळ, मारहाण, सुरक्षेचा गंभीर धोका असं काही आलं तर ते अहवालाची वाट बघत ठेवायचं नाही. ते कोणाकडे आणि किती तासांत द्यायचं हे पहिल्या फेरीच्या आधीच ठरलेलं हवं. निनावी सर्व्हेत लिहिणाऱ्याला उलट विचारता येत नाही, म्हणून फॉर्मच्या शेवटी तक्रारीसाठी थेट कोणाशी बोलायचं ते छापा.

परत सांगणं

सर्व्हे बंद झाल्यापासून ५ ते ७ कामाच्या दिवसांत निकाल लोकांपर्यंत पोचायला हवा. एक पान पुरे. त्यावर तीन गोष्टी : तुम्ही काय सांगितलंत, त्यावर आम्ही काय करतोय आणि कधीपर्यंत, आणि काय करणार नाही व का. तिसरा भाग लिहायला जड जातो, पण लोक तोच सर्वांत काळजीपूर्वक वाचतात. 'जुनी कागदी नोंद समांतर चालू ठेवावी असं २१ जणांनी लिहिलं. ती ठेवणार नाही, कारण दोन नोंदींमध्ये फरक पडला तर कुठली खरी हे ठरवता येत नाही. पण पहिले सहा आठवडे प्रत्येक शिफ्टला चूक दुरुस्त करायला एक माणूस असेल.' असा नकार लोक स्वीकारतात. मौन स्वीकारत नाहीत.

एका फेरीत दोनच गोष्टी हाती घ्या, त्यांतली एक १५ दिवसांत डोळ्यांना दिसेल अशी. दहा कलमी कृती आराखडा केला की त्यातलं काहीच पुढच्या फेरीपर्यंत पूर्ण होत नाही. पुढच्या सर्व्हेच्या निरोपाची पहिली ओळ मग आपोआप मिळते : 'गेल्या वेळी तुम्ही चार्जिंगबद्दल लिहिलं होतं. आता प्रत्येक शिफ्टला चार भरलेल्या बॅटऱ्या तयार असतात.' लोक भरतात ते या ओळीमुळे.

सुपरवायझरला त्याच्या शिफ्टचे आकडे सगळ्यांच्या एक दिवस आधी द्या, आणि तीन शिफ्टची क्रमवारी लावू नका. रात्रपाळीचा आकडा वाईट असेल तर त्यात सुपरवायझरचा दोष किती आणि रात्री आयटीचा माणूस नसण्याचा किती, हे आकड्यातून कळत नाही. त्याला आकडा दाखवून पहिला प्रश्न विचारा, 'तुम्हाला हे कशामुळे वाटतं?' आणि मग ऐका.

थांबवणं

तिन्ही कायमचे प्रश्न सलग दोन फेऱ्या पहिल्या फेरीइतके किंवा त्याहून वर आले आणि मोकळ्या उत्तरांत बदलाऐवजी रोजच्या कामाचे विषय येऊ लागले, की हा सर्व्हे बंद करा. शेवटच्या फेरीचा निकाल सांगताना हेही सांगा की आता पुढची फेरी नाही, आणि अडचण आली तर कोणाकडे जायचं. त्या दिवसापासून ९० दिवस मोजा. नव्वदाव्या दिवशी उत्तरांची शीट, तिच्या प्रती, डाउनलोड केलेल्या फाइल, मेलमधल्या जोडण्या आणि पेटीतले कागद नष्ट करा. फक्त गटवार टक्केवारी ठेवा. मग सूचना फलकावर तारीख घालून दोन ओळींत लिहा की मूळ उत्तरं पुसली, आणि खाली त्याच दोन माणसांची नावं, ज्यांनी ती वाचली होती.